कोकण किनारा आणि चक्रीवादळ : आधीची तयारी, नंतरची सावरासावर (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं आणि आमच्या श्रीवर्धन तालुक्यातल्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या वाड्या एका दुपारी आडव्या झाल्या. नंतरचे कित्येक दिवस मी पंचनाम्याच्या पथकाबरोबर घरोघर फिरलो. तेव्हापासून दर मे महिन्यात आणि दिवाळीच्या सुमारास फोन वाजू लागतात. मुरुडहून, हर्णैहून, देवगड-मालवणहून आणि मुंबईत बसून गावच्या घराची काळजी करणाऱ्या चाकरमान्यांकडून तेच तेच प्रश्न येतात. ते इथे एकत्र केले आहेत. निम्मे प्रश्न नुकसानभरपाईचे असतात आणि त्यांचं उत्तर बहुतेक वेळा वादळाच्या आधीच्या दोन दिवसांत दडलेलं असतं. म्हणून घाईत असाल तर आधी प्रश्न ७ वाचा.

१. चक्रीवादळ म्हणजे नेमकं काय? वळवाचा पाऊसही घरावरचे पत्रे उडवतोच की.

वळवाचा वारा अर्ध्या-पाऊण तासात निवतो आणि दोन-चार गावांपुरता असतो. चक्रीवादळ शेकडो किलोमीटर पसरलेलं असतं आणि तासन्‌तास झोडपतं. समुद्राचं पाणी साधारण साडेसव्वीस अंश सेल्सिअसच्या वर तापलं की त्यावरची दमट हवा वर चढते, खाली हवेचा दाब कमी होतो, चहूकडची हवा तिकडे धावते आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळे घुमू लागते. आपल्याकडे हे घुमणं घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने असतं.

वाऱ्याचा वेग ताशी ६२ किलोमीटरवर गेला की हवामान विभाग त्याला चक्रीवादळ म्हणतो. ८९ पासून तीव्र, ११८ पासून अतितीव्र, आणि २२२ पासून महाचक्रीवादळ. निसर्ग फक्त ‘तीव्र’ होतं. त्यामुळे बातमीत ‘अति’ हा शब्द आला नाही म्हणून सैल राहू नका. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो, हे छपराला बरोबर कळतं.

२. कोकणात चक्रीवादळं येतात तरी किती? आमचे आजोबा म्हणायचे, ती ओडिशाकडे जातात.

आजोबांचं म्हणणं त्यांच्या काळापुरतं खोटं नव्हतं. बंगालच्या उपसागरात वादळं जास्त होतात, आणि अरबी समुद्रातली बरीचशी ओमान-येमेनकडे किंवा गुजरातकडे वळतात. पण नोव्हेंबर २००९ मध्ये फयान अलिबाग-मुंबईच्या पट्ट्यात आलं, तेव्हा कोकणातले कितीतरी मच्छीमार समुद्रात होते. २०२० ला निसर्ग आलं, आणि वर्षही झालं नव्हतं तर मे २०२१ मध्ये तौक्ते आख्ख्या किनाऱ्याला घासत गेलं. अरबी समुद्राचं पाणी आता पूर्वीपेक्षा जास्त तापतं. धोक्याचे हंगाम दोन : पावसाळ्याच्या तोंडावर मे-जून, आणि पावसाळा सरल्यावर ऑक्टोबर ते डिसेंबर.

३. यलो, ऑरेंज, रेड यातला कुठला आला की हलायचं?

चक्रीवादळाच्या सूचना चार टप्प्यांत येतात. साधारण ७२ तास आधी पूर्वसूचना, ४८ तास आधी पिवळा इशारा, २४ तास आधी नारिंगी, आणि वादळ जमिनीवर येण्याच्या सुमारे १२ तास आधी लाल. लाल इशाऱ्यात वादळ जमिनीवर आल्यानंतर आत कुठवर आणि काय होईल, तेही सांगितलेलं असतं.

माझं मत असं, की पिवळ्याला कामाला लागा आणि नारिंगीला काम आटपा. लाल इशारा हा तयारीचा नव्हे, आत बसण्याचा आहे. रेडची वाट पाहून शिडीवर चढलेली माणसं मी पाहिली आहेत आणि त्यातली सगळी धड खाली उतरली नाहीत. मोबाइलवर आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचं ‘सचेत’ ॲप घालून ठेवा. व्हॉट्सॲपवर फिरणारे नकाशे बहुधा जुन्या वादळांचे असतात, ते पुढे पाठवू नका.

४. बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला म्हणजे काय?

बावटे एक ते अकरा असतात. १ आणि २ म्हणजे वादळ दूर समुद्रात आहे, बाहेर निघणाऱ्या बोटींनी जपून. ३ म्हणजे बंदरावरच सोसाट्याच्या वाऱ्याची शक्यता. पावसाळ्यात हा बऱ्याचदा लागलेला दिसतो, म्हणून लोक त्याला सरावले आहेत. ४ लागला की वादळाचा रोख आपल्याकडे असू शकतो. ५, ६, ७ हे धोक्याचे आणि ८, ९, १० मोठ्या धोक्याचे. ११ म्हणजे हवामान केंद्राशी संपर्कच तुटला.

पाच-सहा आणि आठ-नऊ असे वेगळे आकडे कशाला, असंही विचारतात. वादळ बंदराच्या कुठल्या अंगाने किनारा ओलांडणार ते त्यातून कळतं. आपल्या किनाऱ्यावर वादळ जिथे जमिनीवर येतं त्याच्या दक्षिणेला वारा समुद्राकडून जमिनीकडे वाहतो, पाणी आत ढकलतो. उत्तरेला तो जमिनीकडून समुद्राकडे जातो. त्यामुळे वीस-तीस किलोमीटरच्या फरकाने दोन गावांचा अनुभव अगदी निराळा असू शकतो.

५. वादळांची नावं कोण ठेवतं?

बंगालचा उपसागर आणि अरबी समुद्राभोवतालच्या १३ देशांनी मिळून यादी केली आहे आणि दिल्लीचं हवामान केंद्र तिच्यातून क्रमाने नाव देतं. २०२० मध्ये १६९ नावांची नवी यादी आली. तिच्यातलं पहिलंच नाव बांगलादेशने सुचवलेलं ‘निसर्ग’ होतं. तौक्ते हे म्यानमारचं, अर्थ पाल.

६. इशारा आला. हातात दोन दिवस आहेत. कामं कुठल्या क्रमाने करू?

आधी छप्पर आणि अंगण, मग पाणी, मग विजेची सोय, शेवटी बाजारहाट. लोक नेमकं उलट करतात, पहिल्यांदा दुकानात रांग लावतात.

छपराकडे खालून बघू नका, माळ्यावर चढून बघा. वारा छप्पर दाबत नाही, वर उचलतो, आणि कडा, कोपरे आणि पडवीचा पुढे आलेला भाग यांना सगळ्यात जास्त ओढ बसते. आमच्या पडवीचा पहिला पत्रा गेला तो एका गंजलेल्या हुकामुळे. हुक तुटला नव्हता, त्याचं वायसर झिजून भोक मोठं झालं होतं. त्या भोकातून पत्रा थडथडायला लागला आणि दहा मिनिटांत पुढचे पाच पत्रे सोलल्यासारखे निघाले. म्हणून कडेच्या ओळीतले हुक आणि वायसर बदला, पत्र्यावरून आडवी वासे-पट्टी टाकून ती खालच्या वाशांना तारेने आवळा. कौलारू घरात वळचणीच्या दोन-तीन ओळी तारेने रिपांना बांधता येतात. पत्र्यावर दगड ठेवण्याची जुनी सवय मात्र सोडा. वाऱ्यात तोच दगड शेजाऱ्याच्या घरात जातो. अंगणातली घमेली, कुंड्या, प्लास्टिकच्या खुर्च्या, नारळाच्या झावळ्या सगळं आत घ्या.

घरावर झुकलेल्या फांद्या आधीच उतरवा. माडावरचे पिकलेले नारळ आणि सुक्या झावळ्या पाडेल्याकडून काढून घ्या. इशारा आल्यावर पाडेली मिळत नाही, म्हणून हे काम एप्रिलमध्येच उरकलेलं बरं.

पाणी : वीज गेली की पंप बंद. टाकी, पिंप, कळश्या, जे असेल ते भरून ठेवा आणि विहिरीवर दोर-पोहरा आहे का बघा. निसर्गनंतर कित्येक घरांत रहाट होता, पण दोर कुजलेला होता. पिण्याचं पाणी माणशी रोज तीन-चार लिटर धरून निदान आठवड्याचं वेगळं ठेवा.

मग मोबाइल, पॉवर बँक, बॅटऱ्या चार्ज करणं, घासलेट किंवा मेणबत्त्या, गॅसची भरलेली टाकी, रोजची औषधं महिनाभराची, बाळाचं दूध, सॅनिटरी पॅड. थोडी रोकड जवळ असू द्या, सुट्या नोटांत. मोबाइलचे मनोरे बंद पडले की कुठलंच ऑनलाइन पेमेंट चालत नाही. गाडीत पेट्रोल भरून ती झाडाखालून हलवा.

७. कागदपत्रांचं काय करायचं? आणि फोटो कशाला काढायचे?

सातबारा, आठ-अ, घरपट्टीची पावती, आधार, रेशनकार्ड, बँक पासबुकाचं पहिलं पान, विम्याची पॉलिसी, होडीचा परवाना : सगळं जाड प्लास्टिकच्या पिशवीत, तोंड घट्ट बांधून. तिचा जागेचा नियम एकच, घर सोडताना हातात घेता आली पाहिजे. शिवाय प्रत्येक कागदाचा फोटो काढून मुंबई-पुण्यातल्या कुणा नातेवाइकाला पाठवून ठेवा.

त्याहून मोठं काम वादळाच्या आधीच्या फोटोंचं. पडलेल्या घराचा फोटो सगळ्यांकडे असतो, उभ्या घराचा नसतो. चारही बाजूंनी घर, आतल्या खोल्या, गोठा, वाडीतली झाडं ओळीने मोजत एक सलग व्हिडिओ, होडी आणि जाळी. तारीख दिसेल असा. मोजणीच्या वेळी ‘तुमच्याकडे पोफळी किती होत्या?’ असं विचारलं की माणूस गोंधळतो. पडलेल्या बुंध्यांच्या गर्दीत आकडा लागत नाही. व्हिडिओ असला की पाच मिनिटांत निकाल लागतो.

८. घर पक्कं आहे. तरी सोडायला हवं का? आणि आई म्हणते, मी देव्हारा सोडून कुठे जाणार नाही.

घर पक्कं असणं पुरेसं नाही, ते किती उंचीवर आहे हेही बघा. समुद्राच्या किंवा खाडीच्या काठावर, पुळणीलगत, सखल भागात असाल, किंवा डोंगराच्या उतारावर दरड येणाऱ्या जागी असाल, तर स्लॅबचं घरही सोडा. छप्पर पत्र्याचं-कौलांचं असेल तरी सोडा. बाकीच्यांनी प्रशासनाने हलायला सांगितलं तर वाद न घालता हलावं.

भरतीचं गणित घरच्या घरी करा. तिथीची पाऊणपट केली की साधारण पूर्ण भरतीची वेळ येते, अष्टमीला सहा, चतुर्थीला तीन. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणात वादळ आलं तर समुद्राचं पाणी त्याच्यावर आणखी चढतं. निसर्गच्या वेळी पौर्णिमा दोनच दिवसांवर होती, पण सकाळची भरती होऊन गेली होती आणि पाणी उतरत असताना दुपारी वादळ आलं. ते सकाळी दहाला आलं असतं तर काय झालं असतं याचा विचार आजही झोप उडवतो.

आईचं म्हणाल तर, म्हाताऱ्या माणसांशी रात्री दहाला वाद घालू नका. आदल्या दिवशी सकाळीच, उजेडी आणि शांतपणे बोला. देव्हाऱ्यातल्या मूर्ती डब्यात भरून बरोबर घ्या, हे मी चार-पाच घरांत केलं आणि चालून गेलं. शेजारच्या समवयस्क मावशींना आधी तयार केलंत तर दोघी मिळून निघतात. कुणाला धरून उठवावं लागत असेल, डायलिसिस किंवा ऑक्सिजन चालू असेल, दिवस भरत आले असतील, तर पिवळ्या इशाऱ्यालाच तालुक्याला नेऊन ठेवा.

९. होडी कुठे ठेवायची? खलाशी म्हणतात, आम्ही बोटीवरच थांबतो.

नाही. बोटीवर कुणीही थांबायचं नाही. बोट नवी घेता येते.

जमलं तर लहान होडी किनाऱ्यावर भरतीच्या रेषेच्या बरीच वर ओढा, इंजिन काढा आणि दोन्ही टोकांनी बांधा. मोठ्या बोटी खाडीत आत, वळणाच्या आडोशाला न्या. दोन नांगर टाका, दोराला भरतीच्या चढउताराएवढी ढील द्या, नाहीतर पाणी चढताना बोटच नांगराला अडकून बुडते. जेटीला बोटी एकमेकींना चिकटवून बांधल्या तर एकमेकींना फोडतात, मध्ये जुने टायर हवेतच. जाळी, डिझेलचे कॅन, बर्फाच्या पेट्या उतरवून घ्या.

समुद्रात असताना इशारा मिळाला तर वायरलेसवर १६ नंबरचा चॅनेल चालू ठेवा आणि जवळच्या बंदरात शिरा, ते आपलं नसलं तरी. फयानच्या वेळी ‘आपल्याच बंदरात जाऊ’ या हट्टाने वेळ गेल्याचं जुने तांडेल (बोटीचे म्होरके) सांगतात. तटरक्षक दलाचा मदतीचा क्रमांक १५५४. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, पण मे अखेर आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर हे भर हंगामाचे आणि म्हणूनच धोक्याचे.

१०. गुरांना गोठ्यात बांधून ठेवू की सोडू?

गोठा कच्चा असेल तर सोडा, झाडांपासून आणि तारांपासून दूर, उंच मोकळ्या जागी. दावणीला बांधलेलं जनावर पडत्या गोठ्याखाली किंवा चढत्या पाण्यात सुटू शकत नाही. गोठा स्लॅबचा आणि उंचावर असेल तर आत ठेवा, दावं मात्र सैल. कानातला टॅग आणि जनावराचा फोटो जपा, भरपाईला लागतो.

११. वादळ चालू असताना मध्येच सगळं शांत झालं. संपलं का?

संपलेलं नसतं. वादळाचा डोळा तुमच्यावरून जात असेल तर वारा पडतो, कधी आभाळही उजळतं. मग काही मिनिटांनी किंवा अर्ध्या तासाने वारा उलट दिशेने येतो, आणि आधीच्या वाऱ्याने हलवून ठेवलेल्या भिंती, झाडं या दुसऱ्या माऱ्यात पडतात. पत्रा गोळा करायला बाहेर पडलेली माणसं त्यातच सापडतात. अधिकृत सूचना येईपर्यंत घराच्या मधल्या खोलीत, खिडक्यांपासून दूर बसा. सगळी दारं-खिडक्या बंदच ठेवा. मेन स्विच आधीच काढलेला हवा.

१२. वादळ गेलं. पहिल्या दिवशी काय करायचं?

बाहेर पडताना वर बघा, मग खाली. लोंबती किंवा पाण्यात पडलेली तार जिवंत आहे असंच धरून चाला आणि महावितरणला १९१२ वर कळवा. जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७, इतर तातडीसाठी ११२.

पडलेलं झाड तोडताना घाई नको. दाबलेल्या फांदीत ताण साठलेला असतो, करवत लागली की ती उसळून अंगावर येते. मुळासकट उपटलेल्या झाडाचा बुंधा कापला की मुळाचा गड्डा परत खड्ड्यात उलटतो, त्या खड्ड्यात पोरं उभी असतील तर चिरडली जातात. हे काम सराईत माणसालाच करू द्या.

अडगळ उचलताना काठीने आधी हलवा, साप आडोशाला आलेले असतात. दंश झाला तर मांत्रिक नाही, चिरा देणं नाही, पाय हलू न देता थेट ग्रामीण रुग्णालय. साचलेल्या पाण्यात अनवाणी फिरलात आणि पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप, अंगदुखी, डोळे लाल झाले तर डॉक्टरांना ‘वादळाच्या पाण्यात होतो’ हे आवर्जून सांगा. लेप्टो वेळेत ओळखला तर साध्या औषधांनी बरा होतो.

१३. विहिरीत पाणी शिरलं. पिण्यायोग्य कसं करायचं?

आधी बघा, कुठलं पाणी शिरलं. पावसाचं गढूळ पाणी असेल तर वरचा कचरा काढा, जमेल तेवढं उपसा आणि टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाका. चांगल्या प्रतीच्या पावडरचं प्रमाण दर हजार लिटरला अडीच ग्रॅम. विहीर तीन मीटर व्यासाची आणि पाणी चार मीटर असेल तर सुमारे २८ हजार लिटर, म्हणजे ७० ग्रॅम. पाणी घाण असेल तर जास्त लागते. पावडर बादलीत कालवा, चुन्याचा गाळ खाली बसू द्या, वरची निवळी पोहऱ्यात घालून विहिरीच्या तळाशी वरखाली करा. निदान एक तास थांबून ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडून ओटी टेस्ट (क्लोरीनची तपासणी) करून घ्या. पाणी पिवळं झालं तर क्लोरीन आहे. तोवर उकळूनच प्या.

समुद्राचं खारं पाणी शिरलं असेल तर टीसीएलचा उपयोग नाही, मीठ त्याने जात नाही. थोडं थोडं उपसत राहा. एकदम जोराचा उपसा केला तर किनाऱ्यालगत जमिनीखालचं खारं पाणीच विहिरीत ओढलं जातं. पावसाळा पुरा झाला की बहुतेक विहिरी सुधारतात.

१४. वीज आठवडे-आठवडे नाही. शेजाऱ्याने जनरेटर आणला, त्याची तार आमच्या घरात घेऊ का?

घराच्या वायरिंगमध्ये जनरेटर थेट जोडू नका. मेन स्विच नीट वेगळा केलेला नसेल तर वीज उलट खांबावर जाते, आणि ‘लाइन बंद आहे’ समजून चढलेल्या वायरमनचा जीव जातो. आपल्यासाठी परजिल्ह्यातून आलेला माणूस असतो तो. जनरेटरला वेगळा बोर्ड लावून त्यावरच दिवे-पंप चालवा, आणि जनरेटर घराबाहेर, खिडकीपासून लांब ठेवा. बंद पडवीतला त्याचा धूर वास न येता मारतो. वीज परत येईल तेव्हा फ्रीज-टीव्हीचे प्लग काढलेले असू द्या.

१५. पंचनामा कोण करतं? आपण अर्ज करायचा की ते आपणहून येतात?

गावकामगार तलाठी (पदाचं नाव आता ग्राम महसूल अधिकारी), ग्रामसेवक (आता ग्रामपंचायत अधिकारी) आणि कृषी सहायक (आता सहायक कृषी अधिकारी) मिळून येतात. होडी-जाळ्यांसाठी मत्स्य विभाग, जनावरांसाठी पशुवैद्यकीय अधिकारी. ते आपणहून येतात हे खरं, पण डोंगरामागच्या वाडीवर पोचायला दिवस लागतात. म्हणून तहसीलदारांच्या नावे साधा अर्ज फोटोंसकट देऊन पोच घ्या.

पंचनामा होताना स्वतः किंवा जाणतं माणूस हजर हवं. सही करण्याआधी वाचा : नाव सातबाऱ्यासारखंच आहे का, घर ‘अंशतः’ लिहिलंय की ‘पूर्णतः’, झाडांचा आकडा, गोठ्याची नोंद. चुकलं असेल तर तिथल्या तिथे सांगा, नंतरची दुरुस्ती फार पायपीट करवते. यादी लागल्यावर मिळणाऱ्या विशिष्ट क्रमांकाने सेवा केंद्रात ई-केवायसी करावी लागते आणि पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात येतात. वर्षानुवर्षं न वापरलेलं खातं बंद पडलं असेल तर पैसे तिथेच अडकतात.

१६. पंचनाम्याला आठ दिवस लागणार. तोवर पावसात भिजत बसू?

मुळीच नाही. सगळ्यात जास्त रडकुंडीला येऊन विचारलेला प्रश्न हाच. फोटो-व्हिडिओ काढा, लांबून आणि जवळून दोन्ही, आणि मग ताडपत्री टाका, घर राहतं करा. दोन शेजाऱ्यांच्या सह्यांचा कागद करून ठेवा. फुटलेले पत्रे, कौलांचा ढीग आणि मोडके वासे मात्र अंगणाच्या कडेला रचून ठेवा, विकू किंवा जाळू नका. वाडीत वाटेवरची झाडं हटवा, बाकीची मोजणी होईपर्यंत पडल्या जागी असू द्या.

१७. पैसे किती मिळतात?

केंद्राच्या २०२२ ते २०२६ या काळासाठीच्या निकषांत फळबागेला हेक्टरी २२,५०० रुपये (दोन हेक्टरपर्यंत, आणि नुकसान ३३ टक्के किंवा जास्त असेल तर), सपाट भागातलं घर पूर्ण पडलं तर १ लाख २० हजार, पक्क्या घराचं निदान १५ टक्के नुकसान असेल तर ६,५००, कच्च्याला ४,०००, गोठ्याला ३,०००. होडीच्या दुरुस्तीला ६,००० आणि पूर्ण गेलेल्या होडीला १५,०००. माणूस दगावलं तर वारसांना ४ लाख.

राज्य सरकार वेगळा निर्णय काढून हे वाढवू शकतं. निसर्गनंतर बागेला हेक्टरी ५० हजार आणि पूर्ण पडलेल्या घराला दीड लाख असा निर्णय झाला होता, तेव्हाचे मूळ दर १८ हजार आणि ९५,१०० होते. म्हणून प्रत्येक वादळानंतर त्या वादळाचा शासन निर्णय तहसील कार्यालयात बघा, मागच्या वेळचा आकडा धरून बसू नका. मला मनापासून वाटतं, की हेक्टरचं माप आमच्या वाड्यांना न्याय देत नाही. आमच्याकडे दहा-पंधरा गुंठ्यांत माड, पोफळी, जायफळ, मिरी, केळी एकावर एक असतात आणि त्यावर घर चालतं. केंद्राच्या हेक्टरी दराने त्याचे हातात दोन-तीन हजार येतात.

१८. सातबाऱ्यावर नऊ नावं आहेत. भाऊ मुंबईत, एक आत्या वारलेली. भरपाई कुणाला?

कोकणातलं हे रोजचं दुखणं. सामाईक खातं असेल तर बाकीच्या खातेदारांनी संमतीपत्र देऊन एकाच्या खात्यात रक्कम घेता येते. मुंबईचे नातेवाईक गणपतीला गावी येतात तेव्हाच या सह्या आणि आधारच्या प्रती गोळा करून ठेवा. वारलेल्या व्यक्तीचं नाव असेल तर वारस नोंद आधी, तिला वेळ लागतो, म्हणून वादळाची वाट न पाहता अर्ज करा. एखादा भाऊ सही देत नसेल तर आपल्या हिश्श्यापुरती मागणी लेखी करा आणि पोच घ्या.

१९. घर गावठाणात आहे, सातबारा नाहीच. आणि घर वर्षातले दहा महिने बंद असतं. हक्क आहे का?

गावठाणातल्या घराला सातबारा नसतो. ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा आणि घरपट्टीची पावती लागते, पट्टी थकलेली असेल तर भरून टाका. बंद घराचा मुद्दा कठीण आहे. कपडे-भांड्यांची मदत तिथे राहणाऱ्या कुटुंबाला असते, ती मिळणार नाही असं धरा. घराच्या पडझडीसाठी अर्ज जरूर करा, पण पथक आलं आणि दाराला कुलूप असलं तर नोंद राहून जाते. किल्ली आणि अधिकाराचं साधं पत्र शेजाऱ्याकडे ठेवा. भाड्याने राहत असाल तर घराचे पैसे मालकाला, तुमच्या सामानाची नोंद वेगळी करून घ्या.

२०. विमा असेल तर सरकारी मदत मिळत नाही का? आणि विमा कुठला घ्यावा?

या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, दोन्हीकडे अर्ज करा. आंबा-काजूचा फळपीक विमा हवामानावर आधारित असतो. तुमच्या बागेत काय पडलं हे तो बघत नाही, जवळच्या हवामान केंद्रावर पाऊस, तापमान, वारा किती नोंदला गेला हे बघतो. त्याला तारखांची मर्यादाही असते, मुदत संपल्यावर दुसऱ्या दिवशी आलेलं वादळ त्यात बसत नाही. पॉलिसीवरच्या तारखा आजच वाचा. माडांसाठी नारळ विकास मंडळाची वेगळी विमा योजना आहे. घरासाठी ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसीत चक्रीवादळ आणि पूर दोन्ही येतात.

गाडीला फक्त थर्ड पार्टी विमा असेल तर झाड पडल्याचं काही मिळत नाही. आणि पाण्यात बुडालेली गाडी चालू करून बघू नका. इंजिनात पाणी खेचलं जातं आणि विमा कंपनी तेवढाच भाग नाकारू शकते.

२१. वादळ तर समुद्रातूनच निघून गेलं. मग इतकं नुकसान कसं?

तौक्ते १७ मे २०२१ च्या रात्री गुजरातेत जमिनीवर गेलं, पण त्याआधी सिंधुदुर्ग-रत्नागिरीतले आंबे आणि घरं घेऊन गेलं. त्याच वादळात खोल समुद्रातल्या तेलक्षेत्राजवळ पी-३०५ हा तराफा बुडून सत्तरांवर माणसं गेली. ऑक्टोबर २०१९ चं क्यार तर कितीतरी दूर होतं, तरी किनाऱ्यावर पाणी चढलं. नकाशावरची रेघ ही वादळाच्या मध्याची असते, वादळ तिच्या दोन्ही अंगांना पसरलेलं असतं. रेघ तुमच्या गावावरून गेली नाही म्हणून प्रश्न ६ मधलं काही वगळू नका.

२२. मुलगी अजून वारा सुटला की रडते. वडील वाडीत जायचंच टाळतात.

लहान मुलांना पुढच्या इशाऱ्याच्या वेळी काम द्या, बॅटरी तिच्याकडे, पाण्याच्या बाटल्या भरणं तिच्याकडे. हाताला काम असलं की भीतीला जागा कमी उरते. मोठ्या माणसांचं अवघड असतं. ज्याने तीस वर्षं वाडी शिंपली त्याला ‘पुन्हा लावू’ म्हणणं त्या दिवसांत लागतं. बरोबर वाडीत जा, एक वाट मोकळी करा, बसा. महिन्याभरानंतरही जेवण-झोप नाही, बोलणं तुटलं, मरणाची भाषा आली तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ वर मराठीत बोलता येतं आणि जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो.

२३. वाडीतलं काय वाचेल आणि काय काढून टाकावं?

माडाचा मधला कोंब शाबूत असेल तर झावळ्या सगळ्या गेल्या तरी माड थांबू द्या. वर्ष-दोन वर्षं फळ कमी धरेल, पण येईल. कोंबच मोडला किंवा ओढताच हातात आला तर तो माड गेला. पडलेले बुंधे मात्र वाडीत कुजू देऊ नका. त्यात गेंड्या भुंगा वाढतो आणि पुढच्या वर्षी वाचलेल्या माडांवर चढतो. वादळात वाचलेले माड नंतर भुंग्याने गेले, असं आमच्या आळीत दोन वाड्यांत झालं.

आंब्याचं कलम एका बाजूला कललं असेल आणि निम्मी मुळं मातीत असतील तर चार-पाच दिवसांच्या आत, माती ओली असताना, फांद्या उतरवून हळूहळू सरळ करा, टेका द्या, कापलेल्या जागी बोर्डो पेस्ट (मोरचूद-चुन्याचा बुरशीनाशक लेप) लावा. उघडी मुळं पहिल्या दिवशीच ओल्या मातीने किंवा गोणपाटाने झाका.

पोफळीची गोष्ट वेगळी. ती माडांच्या सावलीत वाढलेली असते. वरचे माड गेले की उभी राहिलेली पोफळ दुपारच्या उन्हाने करपते, तिच्या खोडाला पश्चिमेकडून चिरा जातात. म्हणून वाचलेल्या पोफळींच्या नैऋत्येला त्याच पावसात केळी लावा आणि तोवर खोडाला सुक्या झावळ्या बांधा. नवी रोपं श्रीवर्धनच्या सुपारी संशोधन केंद्रातून किंवा दापोलीच्या कृषी विद्यापीठाकडून घ्या, मागणी आधी नोंदवावी लागते. वादळानंतर रस्त्यावर टेम्पोतून विकायला येणारी स्वस्त रोपं कुठल्या झाडाची आहेत ते कुणालाच माहीत नसतं, आणि ते कळायला पाच-सात वर्षं जातात.